एकादशीचे ताट आणि गावाची शीव

आमच्या पनवेलजवळच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात विमाने उडू लागली. तेव्हापासून इकडची माळकरी मंडळी मला एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात. ‘बुवा, सगळे जग आता दाराशी आले. आपले काय राहणार?’ कोणाच्या आवाजात हौस असते, कोणाच्या आवाजात धास्ती. गळा साथ देईना म्हणून मी नारदाच्या गादीवरून उतरलो, त्याला चार वर्षे झाली. पण ज्या श्रोत्यांनी पन्नास वर्षे ऐकून घेतले, त्यांनी विचारलेले टाळता येत नाही. कीर्तनात दोन तासांत मांडले असते ते येथे यथामती लिहितो.

प्रथम आपल्या एकादशीच्या ताटाकडे पाहू. साबुदाण्याची खिचडी, तीत शेंगदाण्याचा कूट, हिरवी मिरची, बटाट्याच्या फोडी. शेजारी रताळ्याचा कीस. हे जिन्नस कोठले? साबुदाणा ज्या कंदापासून आपल्याकडे करतात तो कंद दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिकडचा, बटाटा तिकडचा, मिरची आणि रताळे हीदेखील अमेरिका खंडातली. ज्ञानोबामाउलींच्या काळी यांतला एकही पदार्थ आपल्या मुलखात नव्हता. पोर्तुगिजांची गलबते आपल्या किनाऱ्याला लागू लागली, त्यानंतरच्या काळात एकेक करून हे सारे आले. ताटात जुने, अस्सल इथले म्हणावे असे वऱ्याचे तांदूळ आणि ताक एवढेच.

मग कोणाची एकादशी मोडली काय? मोडली नाही. कारण हे पदार्थ कोणी हुकूम काढून आपल्या चुलीवर ठेवले नाहीत. आपल्या आया-आज्यांनी ते हातात घेऊन पाहिले, भाजून पाहिले, भिजवून पाहिले. उपासाला काय चालते आणि काय चालत नाही हे त्यांनी त्यांच्या घरात ठरवले. शेंगदाणा चालतो, वाटाणा चालत नाही. हा निवाडा कोणत्या गोऱ्या साहेबाने केला नाही. म्हणून साता समुद्रापलीकडचा कंद पांडुरंगाच्या नैवेद्याला चालला.

आपल्या पेटीचेही तसेच. हार्मोनियम युरोपातून आली. आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीस वर्षे तिला आपल्या कार्यक्रमांत मज्जाव केला होता. भजनी मंडळांनी मात्र तिला कधीच जमिनीवर बसवले होते. एका हाताने भाता, दुसऱ्या हाताने पट्ट्या, पुढे मृदंग आणि दोहों बाजूंना टाळकरी. आज खेड्यातल्या पोराला सांगा की पेटी परदेशची आहे, तो हसेल.

घेणे झाले तसे देणेही झाले. पनवेलमध्ये ‘बेथ एल’ नावाचे ज्यूंचे प्रार्थनास्थळ आहे. ते १८४९ सालचे. हे बेने इस्रायल लोक कोकणातल्या गावोगावी तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. बोलणे आपल्यासारखे मराठी, आडनावे गावांवरून पडलेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या लोकांनी आपल्या कीर्तनाची पद्धत घेतली आणि ओवी, साकी, दिंडी यांत अब्राहाम, मोशे, दावीद यांची आख्याने मराठीतून लावली. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले. तिकडेही त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. त्यांनी कीर्तन घेतले म्हणून त्यांचा धर्म गेला नाही, आणि आपले कीर्तन त्यांच्याकडे गेले म्हणून आपले काही कमी झाले नाही.

सज्जनहो, जग आपल्या दारी आज पहिल्यांदा आलेले नाही. आमचे पनवेल पूर्वीचे बंदरच. खाडीने माल येई आणि बैलांच्या पाठीवर घाट चढून देशावर जाई. तेव्हा धास्ती जगाच्या येण्याची नसावी. विचारायचे ते हे: जे आले ते आपल्या हातातून, आपल्या संमतीने घरात आले, की घर मोजून झाल्यावर आपल्याला कळले?

या प्रश्नाची दुसरी बाजू मी माझ्या गावात पाहिली. माझे वडील दुसऱ्याच्या जमिनीत कूळ होते. कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कसणाऱ्याला मालक ठरवले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. सातबाऱ्यावर नाव लागल्याचा कागद वडिलांनी विठोबाच्या तसबिरीमागे ठेवला होता. पुढे १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण या भागांतील ९५ गावांची जमीन संपादनात आली. त्यांत आमचे गाव. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबून मिळालेली मालकी अवघी तेरा वर्षे टिकली.

ही जमीन ज्या कायद्याने घेतली तो १८९४ चा, इंग्रजांचा. सरकारला ‘सार्वजनिक प्रयोजना’साठी जमीन हवी असेल तर नोटीस काढावी, हरकत आलीच तर ऐकावी, निर्णय मात्र सरकारनेच करावा आणि नोटिशीच्या दिवशीच्या बाजारभावाने मोबदला द्यावा, असा त्याचा गाभा. रेल्वे, कालवे, छावण्या यांसाठी परक्या राज्याला असा कायदा सोयीचाच होता. इंग्रज १९४७ साली गेले. कायदा राहिला तो २०१३ सालच्या अखेरपर्यंत. पाकिस्तानात तर तो १८९४ चाच कायदा आजही चालतो. जे देश परक्यांच्या सत्तेतून सुटले, त्यांच्या घरात अशी कुलपे पुष्कळ राहिली. धनी बदलला, पण किल्ली तीच आणि फिरवण्याची रीतही तीच.

उरण तालुक्यात चिरनेर नावाचे गाव आहे. तेथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. त्या गोळ्या इंग्रज सरकारच्या. त्याच तालुक्यात जासई आहे. जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी तेथे शेतकरी उभे राहिले आणि १६ व १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. या वेळी सरकार आपलेच होते. दोन्ही गावे जवळजवळ, मध्ये त्रेपन्न वर्षे. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील हे जासईचेच, पेशाने वकील. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याची योजना १९९० साली आली, ती त्या पाच जणांच्या रक्तामुळे, हे आमच्या भागात लहान पोरही सांगते. दरवर्षी जानेवारीत तेथे अभिवादन होते. मीही गेलो आहे. तेथे बोलायला उभा राहिलो की आख्यान लावावेसे वाटत नाही. नुसते नामस्मरण करावेसे वाटते.

म्हणून विकास नको, असे मी म्हणणार नाही. ज्याने चैत्रात आईला दोन हंड्यांसाठी कोसभर चालताना पाहिले, त्याने नळाला नावे ठेवू नयेत. बाळंतीण अडली की होडीची वाट पाहणारी गावे मी पाहिली आहेत. आज रुग्णालय जवळ आहे. न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ साली सुरू झाले. देशातल्या मोठ्या बंदरांतून जी कंटेनरची ने-आण होते तिचा फार मोठा भाग तेथून जातो, आणि आमच्या भागातल्या कित्येक घरांच्या चुली त्यावर पेटतात. जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून न्हावा-शेव्याला येणारा अटल सेतू झाला. माझा नातू त्यावरून कामाला जातो. मुलीबाळी शिकल्या. हे सारे चांगलेच आहे.

पण मोजणी करणाऱ्याच्या साखळीत जे येत नाही, ते कोणी मोजायचे? आमची भातशेती खाऱ्या जमिनीतली. समुद्राचे पाणी आत येऊ नये म्हणून बांध घातलेले, पावसाचे पाणी बाहेर काढायला उघाडी ठेवलेली. भरतीला बांध फुटला की रात्री-अपरात्री घरटी एक माणूस चिखलाला धावे. त्यात जात नव्हती, भाऊबंदकीचे भांडण नव्हते. जमीन गेली तेव्हा शेताचे पैसे मिळाले. बांधाला धावण्याची जी सवय गेली, तिचा रकाना कोणत्याही फॉर्मात नव्हता. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांचे निदान नाव तरी निघाले. मिठागरात मजुरी करणाऱ्याचे काय? खाडीत जाळे टाकणाऱ्या कोळ्याचे काय? खाडीचा सातबारा नसतो.

येथे मला चोखोबांची आठवण होते. मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीचे काम निघाले, वेठीला धरलेल्या लोकांत चोखोबा होते. भिंत कोसळली आणि सगळे खाली गाडले गेले. भिंत गावाच्या रक्षणासाठी होती. म्हणजे सार्वजनिक प्रयोजनच की! पण जे ती बांधत होते त्यांना त्या गावात राहायला जागा नव्हती. पुढची कथा आपण सारे जाणता. नामदेवराय तेथे गेले आणि ढिगाऱ्यातली अस्थी कानाशी धरून, जिच्यातून विठ्ठलनाम ऐकू येई ती चोखोबांची म्हणून ओळखून पंढरीला आणली. पूर्वी हे आख्यान मी नाममाहात्म्यासाठी लावीत असे. अलीकडे मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. भिंत किती लांब, किती उंच, याचा हिशेब राजाकडे होता. खाली कोण आहे हे शोधायला मात्र संतालाच जावे लागले. विकासाचे काम मोठे असेल तेव्हा नामदेवरायांचे हे काम कोणीतरी करावेच लागते.

विमानतळासाठी दहा गावे उठली. कोल्ही, कोपर, चिंचपाडा, तरघर, कोंबडभुजे, उलवे, वाघिवली ही त्यांतली. यांतल्या काही गावांत मी सप्ताहाची कीर्तने केली आहेत. उलव्याची टेकडी छाटली, नदीचे पात्र वळवले. लोकांना भूखंड मिळाले, घरांचे पैसे मिळाले, देवळांनाही नवी जागा मिळाली. नव्या वसाहतीतल्या देवळात मी गेलो होतो. फरशी गुळगुळीत, गाभारा प्रशस्त. एका म्हाताऱ्या आगरी बाईला मी म्हटले, ‘माउली, देऊळ छान झाले.’ ती म्हणाली, ‘बुवा, देव गारीन घातला नं नेला, पन शीव कशान घालून नेवाची?’ मला उत्तर सुचले नाही. अजून सुचलेले नाही. गावाची शीव म्हणजे जेथे नवरीला निरोप देताना धवलारीण थांबत असे, जेथे दिंडीला लोक ओवाळायला येत, जेथे परगावचा पाहुणा चपला झटकून आत येई. ती जागा आता धावपट्टीच्या कुंपणात आहे.

हे झाले आपल्या बाजूचे. आता दुसरी बाजू बोलल्यावाचून निरूपण पुरे होत नाही. ‘आम्हाला विचारले नाही’ हे आपले गाऱ्हाणे खरे आहे. पण आपण कोणाकोणाला विचारले? पंढरीचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषणाला बसावे लागले. चोखोबांची समाधी महाद्वारी, आणि त्यांच्या लेकरांना आत यायला सहाशे वर्षे! परक्यांनी आपल्यावर जे केले ते सांगताना हेही सांगितले पाहिजे, नाहीतर आपली संस्कृती म्हणजे नुसता कुलूप लावलेला गाभारा होईल.

ही गोष्ट आमच्या गावात नुकतीच कसाला लागली. गावठाणाभोवती आता वीस-वीस मजली इमारती आहेत. देशाच्या सगळ्या प्रांतांतली माणसे तेथे राहतात. माघात आमचा अखंड हरिनाम सप्ताह असतो. पहाटे चारला काकडा सुरू होतो आणि अलीकडे काही वर्षे कर्ण्यावरून तो दूरवर ऐकू जातो. एका इमारतीतून तक्रार आली. गावची तरुण पोरे खवळली. ‘जमीन आमची, देव आमचा, आणि झोप यांची मोडते?’ सभा बसली. मी ज्येष्ठ म्हणून मला बोलायला सांगितले. मी विचारले, ‘तुमच्या आजाने काकडा केला तेव्हा कर्णा होता का?’ रात्री दहा ते सकाळी सहा कर्ण्याला कायद्याने बंदी आहे, हे पोरांनाही ठाऊक होते. त्यांचा राग कर्ण्याचा नव्हताच. त्यांच्या मोबदल्याचे पैसे संपले आहेत, भूखंड विकले गेले आहेत, आणि ज्या इमारतीच्या जागी त्यांच्या आजाने भात लावले तेथे फाटकावरचा पहारेकरी त्यांनाच ‘कोणाकडे जायचे?’ म्हणून विचारतो. तो राग खरा आहे. कर्णा बंद करून तो जाणार नाही, आणि कर्णा मोठा करूनही जाणार नाही.

शेवटी काकडा विनाकर्ण्याचा करायचे ठरले, आणि आमच्यातली पाच माणसे त्या इमारतीत आमंत्रण घेऊन गेली. वीसेक जण आले. त्यांत एक कानडी म्हातारी होती. मराठी तिला येत नव्हते. भजनात ‘विठ्ठल’ शब्द आला की तिचे हात आपसूक जोडले जात. पुरंदरदासांची पदे विठ्ठलाच्या नावानेच संपतात हे मला आळंदीत शिकताना गुरुजींनी सांगितले होते. मी खुणेने तिला म्हणायला सांगितले. तिने बसल्या जागी एक पद म्हटले. मृदंगवाल्याने दोन ओळी ऐकून ठेका धरला. तक्रार ज्याने केली होती तो आला नाही, आणि जे तरुण सर्वांत जास्त खवळले होते त्यांतलेही दोघे आले नाहीत. एका पहाटेत गाव एक होत नाही. पण त्या दिवसापासून ती म्हातारी रोज हरिपाठाला येते, आणि फाटकावर तिने आमच्या पोरांची नावे सांगून ठेवली आहेत.

आता काय करावे, एवढे सांगून पुरे करतो. पनवेल तालुक्यातल्या पुष्कळ गावांवर आता ‘नैना’ची आखणी आहे. त्यात जमीन एकत्र करून तिच्यातला ४० टक्के भाग भूखंड म्हणून शेतकऱ्याला परत देण्याची योजना आहे. कोणी तिला चांगली म्हणतो, कोणी तिच्याविरुद्ध झगडतो. मी कायदेपंडित नाही. पण अशा योजनेच्या नोटिशीला हरकती-सूचनांची मुदत असते, आणि २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांची पाहणी आणि जनसुनावणी सांगितली आहे, हे मला ठाऊक आहे. आमच्या वडिलांच्या वेळी नोटीस चावडीवर चिकटली आणि पावसात भिजून गळून पडली. आता तसे होऊ नये. ज्या गावात हरिपाठ होतो त्या गावात, हरिपाठ संपल्यावर, नोटिशीचा कागद मोठ्याने वाचावा. ज्याला वाचता येत नाही त्याला समजेपर्यंत सांगावा. ज्याचा सातबारा नाही त्यालाही बोलू द्यावे. देवळात असे प्रापंचिक विषय कशाला, असे कोणी म्हणेल. ज्या देवळात चोखोबांच्या भिंतीची गोष्ट सांगतात, त्या देवळात हे वाचायला हरकत नसावी.

दुसरे, प्रत्येक गावाने आपल्या बांधांची, उघाड्यांची, शेतांची नावे आणि आपल्या धवलारिणींच्या मुखातले धवळे एका वहीत लिहून घ्यावेत. जमीन गेली तरी नाव जाऊ नये. आणि सप्ताहातला एक प्रहर नव्या शेजाऱ्यांना द्यावा. त्यांनी त्यांच्या भाषेत, त्यांच्या चालीत देवाचे नाव घ्यावे, आपण टाळ धरावा. एकादशीच्या ताटात साता समुद्रापलीकडचा कंद बसतो, तर वीणेशेजारी शेजारचे माणूस बसायला काय अडचण आहे?

चुकभूल संतांनी सांभाळून घ्यावी. रामकृष्ण हरी.